एक मिलिमीटर परत द्या

अकोल्याला आईकडे एक टॅब आहे. टॅब्लेट म्हटलं की तिला रक्तदाबाची गोळी आठवते, म्हणून घरात तो टॅबच. गेल्या मे महिन्यात पाहिलं तर त्याची काच एका कडेला फ्रेमपासून नखभर सुटली होती. हातातून पडला असेल असं वाटून मी तो दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने टॅब टेबलावर ठेवला, एका बोटाने भोवऱ्यासारखा फिरवून दाखवला आणि म्हणाला, “भाऊ, पोट आलं याला.” सपाट वस्तू टेबलावर अशी गरगर फिरत नाही. आतली बॅटरी फुगून पाठ बाहेर आली होती.

बॅटरी बदलायची तर आधी काच तापवून तिच्याखालचा गम सैल करायचा, प्लास्टिकची पातळ पट्टी कडेकडेने सरकवत काच सोडवायची, मग फुगलेली बॅटरी उचकटायची. तीही गमनेच चिकटवलेली असते, आणि उचकटताना टोचली तर पेट घेऊ शकते. “काच गेली तर आपली जबाबदारी नाही,” हे त्याने कामाला हात लावण्याआधीच सांगून टाकलं. बॅटरी अठराशेची, काच गेली तर सहा हजार. म्हणजे अठराशेचं काम करून घेताना सहा हजारांचा जुगार.

आई त्यावर पाच वर्षं कीर्तनं ऐकत होती, नातवाशी बोलत होती, भाच्यांच्या लग्नाचे फोटो पाहत होती. त्यातलं शेवटचं दीड वर्ष टॅब चार्जरला बांधलेलाच होता. देवघराशेजारी एक सॉकेट आहे. तिथे पाट टाकून ती बसायची. उचलून अंगणात न्यावा तर तासाभरात बंद पडणार. कुठेही नेता येतो म्हणून घेतलेली वस्तू भिंतीशी जखडली गेली होती, आणि म्हाताऱ्या बाईला तिच्यापाशी जाऊन बसावं लागत होतं. हा टॅब निवडला होता मी. दुकानात तीन टॅब समोर ठेवले होते, त्यातला सगळ्यात पातळ होता म्हणून निवडला होता. तेव्हा दोष द्यायचाच तर पहिला मला.

पण माझ्यासारखे लाखो लोक तसंच निवडतात आणि कंपन्या ते ओळखून तसंच बनवतात. यातून जे घडलं ते आयपॅडच्या आकड्यांत स्वच्छ वाचता येतं. बाकीच्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या, म्हणून उदाहरण आयपॅडचं घेतो.

पहिला आयपॅड २०१० साली आला तेव्हा १३.४ मिलिमीटर जाड आणि ६८० ग्रॅम वजनाचा होता. आत २५ वॉट-अवरची बॅटरी होती. (आपल्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे हजार वॉट-अवर. वाया जाणारी वीज सोडली तर असा आयपॅड चाळीस वेळा पूर्ण चार्ज केला की एक युनिट पडेल. बॅटरीतली वीज किती चिमूटभर असते ते यावरून कळावं.) ही बॅटरी दहा तास चालेल, असं वचन होतं. पुढच्या वर्षी आयपॅड २ आला तो ८.८ मिलिमीटरचा. बॅटरी तेवढीच, वचन तेच. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. पहिल्या आयपॅडच्या पोटात मोकळी जागा बरीच होती, ती कमी केली.

२०१२ मध्ये मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. तिसऱ्या आयपॅडला रेटिना पडदा आला, ठिपके चौपट झाले, पडदा उजळायला वीज जास्त लागू लागली. दहा तासांचं वचन पाळायचं तर बॅटरी ४२.५ वॉट-अवरची करावी लागली. २५ वरून थेट ४२.५! आयपॅड ९.४ मिलिमीटर झाला, वजन ६५२ ग्रॅमवर गेलं. सहाएक दशांश मिलिमीटर जाडी वाढली म्हणून कोणी आयपॅड परत केल्याचं मला आठवत नाही. तक्रारी होत्या त्या गरम होण्याच्या आणि चार्जिंगला वेळ लागण्याच्या, आणि त्या खऱ्या होत्या: दहा वॉटच्या चार्जरने ४२.५ वॉट-अवर भरायचे तर साध्या भागाकारानेही सव्वाचार तास येतात, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. पण गरज पडली तेव्हा जाडी वाढवता येते, हे त्या वर्षी सिद्ध झालं.

पुन्हा तसं क्वचितच झालं. २०१३ चा आयपॅड एअर ७.५ मिलिमीटर, बॅटरी ३२.४. २०१४ चा एअर २ तर ६.१ मिलिमीटर, बॅटरी २७.३. आणि मे २०२४ मधला १३ इंची आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटर, बॅटरी ३८.९९ वॉट-अवर. ॲपलने आजवर बनवलेली सगळ्यात पातळ वस्तू, असं मंचावरून सांगितलं गेलं. पूर्वीचा चिमुकला आयपॉड नॅनोसुद्धा ५.४ मिलिमीटरचा होता. सॅमसंगचा टॅब एस११ अल्ट्रा २०२५ मध्ये त्याच ५.१ वर येऊन टेकला.

चौदा वर्षांत बॅटरी २५, ४२.५, ३२.४, २७.३, ३९ अशी खालीवर झाली. पडदे सुधारले, चिप कुठल्या कुठे गेल्या, जाडी निम्म्याहूनही खाली आली. जागचा हलला नाही तो फक्त दहा तासांचा आकडा. मोबाइल डेटावर नऊ तास, तेही २०१० मध्ये तेवढेच आणि २०२४ मध्ये तेवढेच. घरात दर महिन्याला काटकसर होते आणि वाचलेला पैसा दर महिन्याला एकाच माणसाच्या कपड्यांवर जातो, तसं हे आहे. चिपने वीज वाचवली, पडद्याने वाचवली. त्या बचतीतून तास वाढवायचे की जाडी कमी करायची, असा प्रश्न दर वर्षी उभा राहत असणार. उत्तर जवळपास दर वर्षी एकच आलं. आणि ते देताना आपल्याला कोणी विचारलं नाही.

आता मागणी किती मोठी आहे ते हिशेबाने पाहू, कारण ‘जाड टॅब’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाटीच येते. १३ इंची आयपॅड प्रोची लांबी-रुंदी २८१.६ गुणिले २१५.५ मिलिमीटर. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ६०७ चौरस सेंटिमीटर. जाडी एक मिलिमीटरने वाढवली की आत साठेक घन सेंटिमीटर जागा मिळते. त्यातली अर्धीच बॅटरीच्या वाट्याला धरा, बाकीची कडा आणि चिपांना जाऊ दे. आजच्या लिथियम बॅटरीत लिटरमागे ६०० वॉट-अवर सहज बसतात. त्या हिशेबाने तीस घन सेंटिमीटरमध्ये १८ वॉट-अवर. ३९ चे ५७ झाले, दहा तासांचे साडेचौदा. वजन किती वाढलं? किलोमागे अडीचशे वॉट-अवर धरले तर सुमारे ७२ ग्रॅम. शंभर पानी वहीपेक्षा कमी.

आणि हा ‘जाड’ टॅब असेल ६.१ मिलिमीटरचा, म्हणजे २०१४ चा आयपॅड एअर २ जेवढा होता तेवढा. त्या वेळी त्याला जगातल्या सगळ्यात पातळ टॅबांत गणलं जात होतं आणि तसंच मिरवलं जात होतं. मी मागतोय तो एवढाच एक मिलिमीटर.

वजनाचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. टॅब हातात धरून वाचायची वस्तू आहे. ६५२ ग्रॅमवरून ४६९ वर आलेला आयपॅड एअर ज्यांनी त्या काळी हातात घेतला, त्यांना फरक मनगटाला कळला होता. पलंगावर पडून वाचताना जुना आयपॅड नाकावर आपटला की तो जास्तच कळायचा. २०२४ च्या प्रोमध्येही आधीच्या १२.९ इंची मॉडेलपेक्षा शंभर ग्रॅम कमी झाले आणि बॅटरी फक्त पाच टक्क्यांनी घटली. अभियंत्यांचं हे काम वाखाणण्यासारखंच आहे. पण पातळपणा आणि हलकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरात त्या मुद्दाम एक करून सांगते. हलकेपणा मनगटाला कळतो. ५.१ आणि ६.१ मधला फरक डोळे मिटून हातात धरला तर किती जणांना सांगता येईल? वर बहुतेक लोक घरी आल्याबरोबर टॅबला दोन-तीन मिलिमीटरचं कव्हर चढवतात. कंपनीने दशांश-दशांश करून वाचवलेली जाडी आपण रेक्झिनमध्ये परत भरतो.

मग पातळपणा एवढा विकला का जातो? कारण दुकानात तोच दिसतो. काउंटरवर आपण टॅब फार तर पाच मिनिटं हाताळतो. कड पाहतो, उचलून पाहतो. पाच मिनिटांत बॅटरी किती टिकते हे कळायची सोयच नाही. तिथे तो तारेने बांधलेला आणि चार्जरला लावलेलाच असतो. बाजारात आंबा घेताना आपण निदान नाकाशी धरतो, देठ पाहतो. टॅबच्या आतल्या मालाला वास नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, दहा तास पुरे की! दिवसभरात दहा तास टॅब कोण बघतो? रात्री चार्जिंगला लावला की झालं. हा युक्तिवाद पहिल्या वर्षापुरता बिनतोड आहे. घोळ तिसऱ्या वर्षी सुरू होतो, आणि मला जे म्हणायचं आहे ते नेमकं याच ठिकाणी आहे. पातळपणाची किंमत आपण खरेदीच्या दिवशी देत नाही, ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी हप्त्याने वसूल होते.

लिथियम बॅटरी झिजते. पूर्ण भरून पूर्ण रिकामी केली की एक फेरी, म्हणजे सायकल. आयपॅडच्या बॅटरीत हजार सायकलींनंतर मूळच्या ८० टक्के क्षमता राहावी, असं ॲपल सांगतं. बऱ्याच स्वस्त बॅटऱ्या पाचशे सायकलींतच तिथे येतात. आता एखादी विद्यार्थिनी रोज सहा तास टॅबवर शिकते असं धरा. टॅब दहा तासांचा असेल तर वर्षाला सुमारे २२० सायकली होतात; पाचशे सायकली सव्वादोन वर्षांत संपल्या. तोच टॅब साडेचौदा तासांचा असता तर वर्षाला दीडशे सायकली, पाचशे व्हायला सव्वातीन वर्षं. मोठी बॅटरी नुसती जास्त वेळ चालत नाही, ती म्हातारीही उशिरा होते, कारण तिच्यावर रोजचा भार कमी पडतो. एक मिलिमीटरने दोनदा फायदा दिला.

तिसरा फायदाही आहे, आणि तो तर कंपन्यांच्याच सांगण्यातून निघतो. बॅटरी कायम शंभर टक्के भरून ठेवणं तिला मानवत नाही, म्हणून २०२४ पासून नव्या आयपॅडमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे. उत्तम सल्ला. पण दहा तासांतले दोन तास कापून घ्यायला कोण राजी होईल? ५७ वॉट-अवरची बॅटरी ८० टक्केच भरली तरी ४५ होतात, आजच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीपेक्षा जास्त. शिस्त पाळायला पदरी थोडं जास्तीचं असावं लागतं. हातावर पोट असणाऱ्याला बचतीचं व्याख्यान देऊन काय उपयोग?

आईच्या टॅबचं काय झालं, तेही यातूनच उलगडतं. बॅटरी झिजली, म्हणून ती तो सतत चार्जरला लावून ठेवू लागली. सतत लावला म्हणून बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर आणि कायम कोमट. त्यात मे महिना, त्यात अकोला. आयपॅडच्या तपशीलपत्रकात वापरण्याचं कमाल तापमान ३५ अंश दिलेलं असतं. अकोला, चंद्रपूर, नागपूर इथे उन्हाळ्यात ४५ ओलांडतात. ३५ म्हणजे आमच्याकडे संध्याकाळची गार झुळूक. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता ही जोडी लिथियम सेलला फार घातक. आत रासायनिक क्रिया होऊन वायू साठतो आणि सेल फुगतो. छोटी बॅटरी, म्हणून सतत चार्जिंग. सतत चार्जिंग, म्हणून आणखी लवकर म्हातारपण. कूलरसमोर ठेवायला हवा होता तो टॅब, असं आई आता गंभीरपणे म्हणते.

सेल थोडाफार फुगणार हे बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. जाडीच्या आठ-दहा टक्के जागा त्यासाठी मोकळी सोडावी, असा साधारण संकेत आहे. पण टॅबची जाडी दशांश मिलिमीटरने मोजली जाते तेव्हा ही मोकळी जागाच डोळ्यांत खुपू लागते. आणखी एक खोच आहे. सेल ज्या ॲल्युमिनियमच्या पिशवीत असतो तिची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, दोन्ही बाजूंची मिळून ०.२. सेल पाच मिलिमीटर जाड असेल तर वेष्टणात चार टक्के गेले. अडीच मिलिमीटरचा असेल तर आठ. सेल जितका पातळ तितकं त्यात सालच जास्त, गर कमी. स्क्रू आणि झाकण लावायला जाडी लागते, म्हणून गम आला; गम आला म्हणून अकोल्याच्या त्या मुलाला काच तापवावी लागली. २०१८ च्या आयपॅड प्रोबद्दल तो किंचित वाकलेला येतो अशी ओरड झाली, तेव्हा चारशे मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे ०.४ मिलिमीटरचा, बाक मर्यादेत बसतो, असं कंपनीला जाहीर करावं लागलं. पातळपणा असा एकटा येत नाही, गोतावळा घेऊन येतो.

यावर तंत्रज्ञानच तोडगा काढेल, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हा लिटरमागे सुमारे २०० वॉट-अवर बसत होते. आज तीसपस्तीस वर्षांनी चांगल्या सेलमध्ये ७०० च्या आसपास बसतात. साडेतीन पट. एवढ्याच काळात चिप किती पटींनी सुधारल्या याचा आकडा लिहायला या ओळीत शून्यं पुरणार नाहीत. बॅटरी हे रसायनशास्त्र आहे, ते आपल्या चालीने चालतं.

तांत्रिक अडचण म्हणावी, तर तीही नाही. २०१३ मध्ये लेनोवोने योगा टॅब्लेट काढला. त्याच्या एका कडेला लाटण्यासारखी गोल नळी होती, तिच्यात बॅटरी. बाकीचा टॅब सडपातळ. ती नळी मुठीत छान बसायची, तिच्यातूनच टॅब उभा करायचा आधारही निघायचा, आणि दावा होता १८ तासांचा. जाडी सगळीकडे सारखी वाटायलाच हवी असं कुठे आहे? पदराला गाठ मारून पैसे ठेवतात तशी ती एका जागी ठेवली. ही कल्पना २०२१ च्या योगा टॅबपर्यंत टिकली. दुसरं उदाहरण सॅमसंगचं. एकीकडे ५.१ मिलिमीटरचा अल्ट्रा बनवणारी हीच कंपनी कारखाने आणि गोदामांसाठी टॅब ॲक्टिव्ह नावाची मालिका बनवते: दहा मिलिमीटर जाड, आणि पाठीमागचं झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येते. म्हणजे कसं करायचं हे त्यांना नीट येतं. कारखानदाराला विकताना ते करतात, कारण तो वर्षांचा हिशेब मागतो. आपण कड बघतो.

पॉवर बँक आहे ना, हे उत्तर मला सगळ्यात मजेशीर वाटतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने ५.६ मिलिमीटरचा आयफोन एअर आणला आणि त्याच दिवशी फक्त त्याच फोनला पाठीवर चिकटणारी वेगळी बॅटरीही विकायला काढली. आधी पोट कापायचं, मग ते पिशवीत घालून वेगळं विकायचं.

मी हे सगळं खासगी रडगाणं म्हणून लिहीत असतो तर इथेच थांबलो असतो. पण टॅब आता सरकारी खर्चाचीही बाब आहे, आणि तिथे ग्राहक मूर्ख निघाला तर नुकसान सगळ्यांचं.

‘आकाश’ हा स्वस्त सरकारी टॅब आठवतो? ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी तो विद्यार्थ्यांच्या हाती दिला. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आणि २,१०० एमएएचची बॅटरी. तीनेक तास चालायची. पुढच्या आवृत्तीचं काम मुंबईत पवईच्या आयआयटीकडे, प्रा. दीपक फाटक यांच्याकडे आलं. २०१२ च्या आकाश २ मध्ये प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा झाला आणि बॅटरी ३,००० एमएएचची. प्रोसेसर जवळजवळ तिप्पट, बॅटरी दीडपटही नाही. तिथे पातळपणाचा सोस नव्हता, किमतीचा ताण होता. तरी कात्री लागली ती बॅटरीलाच. महागड्या टॅबमध्ये दिखाव्यासाठी लागते, स्वस्तात पैशासाठी. जी गोष्ट उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही ती आधी कापली जाते.

मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू, आणि तो चांगलाच होता. नागपूरची महाज्योती संस्था जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलामुलींना टॅब देते. या मुलांपैकी अनेकांच्या गावात वीज सांगून जात नाही, घरात सॉकेट एक आणि मागणारे पाच. रात्री आठ ते अकरा या वेळात अभ्यास आणि मोबाइल डेटा, म्हणजे जाहिरातीतले ‘वायफायवर दहा तास’ तिथे लागूच नाहीत. अशा मुलीसाठी टॅब ७ मिलिमीटरचा आहे की ९ चा, याला काडीची किंमत नाही. ती बारावीला बसेपर्यंत तो चार्जरशिवाय तीन तास चालतो का, आणि न चालल्यास तालुक्याच्या ठिकाणी त्याची बॅटरी बदलून मिळते का, एवढेच दोन प्रश्न खरे. सरकारी खरेदीच्या निविदेत पडदा किती इंची, रॅम किती, कॅमेरा किती मेगापिक्सेल हे लिहिणं सोपं असतं. तिथे ‘८०० सायकलींनंतर किमान ८० टक्के क्षमता’ आणि ‘स्क्रूने उघडणारी, बदलता येणारी बॅटरी’ या दोन ओळी आल्या पाहिजेत. हजारोंनी माल घेणाऱ्याने अट घातली तर कारखाना जाडी वाढवतो. आईसाठी एकच टॅब घेणाऱ्या माझ्यासारख्याचं कोण ऐकतो?

हा ८०० चा आकडा मी हवेतून आणलेला नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या नव्या फोन आणि टॅबसाठी तो कायदाच आहे. खोक्यावर लेबल लागतं: एका चार्जवर किती तास-मिनिटं, किती सायकली टिकेल, दुरुस्तीला किती सोपा याची ‘A’ ते ‘E’ अशी प्रतवारी. विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग पुरवायचे. पळवाटाही आहेत. हजार सायकली टिकणारी बॅटरी आणि पाण्यात टिकणारा टॅब दिला की ती घरच्या घरी बदलता येण्याच्या अटीतून सूट मिळते. तरीही मोजणी एका पद्धतीने होते आणि ती खोक्यावर येते, हे मोठं. प्रत्येक कंपनीचे तास तिच्या स्वतःच्या घड्याळाने मोजलेले नसतात.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळ काढलं. फोन आणि टॅबला दुरुस्ती-निर्देशांक द्यावा अशी शिफारस करणारा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. त्याचा नियम होईल तेव्हा होईल. लेबल वाचायची आपल्याला सवय नाही असं मात्र कोणी म्हणू नये. फ्रिज घ्यायला गेलेली माझी मावशी दारावरचे तारे मोजते, वर्षाला किती युनिट ते विचारते आणि मग रंगाकडे वळते. पूर्वी तीही आधी रंगच बघायची. लेबल आलं आणि तिच्या प्रश्नांचा क्रम बदलला.

ज्याला पाच मिलिमीटरचा टॅब हवा आहे त्याने तो जरूर घ्यावा. विमानात, बैठकीत, चित्र काढताना त्याचा आनंद आहे आणि त्याला नावं ठेवणारा मी कोण? माझी तक्रार एवढीच की, सात हजारांच्या टॅबपासून सव्वा लाखाच्या टॅबपर्यंत सगळ्यांनी त्याच शर्यतीत धावायचं ठरवलं आहे, आणि शर्यत कोणती हे धावणाऱ्यांनीच ठरवलं.

आईच्या टॅबची काच शेवटी वाचली. नवी बॅटरी किंचित जाड होती, त्यामुळे पाठ पूर्ण बसत नाही. त्या मुलाने कडेने काळी चिकटपट्टी लावून दिली. नातवाच्या अभ्यासासाठी दुसरा एक टॅब घ्यायचा होता म्हणून मागच्या महिन्यात पुन्हा दुकानात गेलो. विक्रेत्या मुलाने वजन सांगितलं, जाडी दशांशासकट सांगितली, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगितले. मी विचारलं, “तीन वर्षांनी बॅटरी बदलायची झाली तर कोण बदलून देईल, किती पैसे पडतील?” तो क्षणभर थांबला, मग काउंटरखाली वाकला आणि माझ्यासमोर तीन पॉवर बँक मांडल्या. त्यातली डावीकडची म्हणे सगळ्यात पातळ होती.